न लिहिलेले होम रन : अमेरिकेतल्या बेसबॉल लेखकांना खुले पत्र

प्रति,
बेसबॉल रायटर्स असोसिएशन ऑफ अमेरिकाचे सर्व सभासद

विषय : मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर (एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू) पुरस्काराच्या फलकावर जोश गिब्सनचे नाव घालण्याबाबत

मंडळी,

तुमच्यापैकी कुणाला मराठी वाचता येत असेल अशी काही माझी समजूत नाही. तरी मराठीतच लिहितो आहे, कारण भांडायचं म्हटलं की मला दुसरी भाषा सुचत नाही. पुढेमागे कुणीतरी इंग्रजी करून तुमच्या हाती देईल. तोवर आमच्या माणसांनी वाचलं तरी चालेल. हा माणूस त्यांनाही माहीत असायला हवा.

आधी मी कोण ते सांगतो. मी क्रिकेटचा स्कोअरर. बँकेतली नोकरी पोटासाठी होती, पण सुटीच्या दिवशी मुंबईच्या मैदानांवर स्कोअरबुक घेऊन बसायचं, असं तीसेक वर्षं केलं. त्यातही माझी आवडती कांगा लीग. ही स्पर्धा १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळवतात. तंबूवर ताडपत्री, तिच्यातून ठिबकणारं पाणी, शाई पसरते म्हणून पेन्सिल, आणि एका हातानं वहीवर धरलेली छत्री. षटक संपलं की समोरच्या संघाच्या स्कोअररला विचारायचं, “जुळतंय ना?” जुळलं की पुढचं षटक. एका वर्षी समोरचा स्कोअरर आलाच नाही, माझी वही पावसानं धुऊन नेली, आणि एका पोराच्या नव्वदच्या वरच्या धावांचा लगदा झाला. महिन्याभरानं तो मुलगा घर शोधत आला. निवड चाचणीला दाखवायला त्याला त्या डावाचा कागद हवा होता. मी काय देणार? त्यानं धावा काढल्या होत्या, मी त्या डोळ्यांनी बघितल्या होत्या, पण लिहिलेल्या नव्हत्या. तो काही बोलला नाही. चहा पिऊन गेला.

त्या पोराचा चेहरा मला पुन्हा आठवला तो पिट्सबर्गला. मुलगी तिथे नोकरीला असल्यामुळे उन्हाळ्याचे तीन-चार महिने आम्ही तिच्याकडे असतो. सकाळी मी लॉरेन्सव्हिलमधल्या अ‍ॅलेगेनी दफनभूमीत फिरायला जातो. (बायकोला हे मुळीच पसंत नाही. फिरायला दुसरी जागा नाही का, म्हणते.) तिथे गवतात जमिनीलगत बसवलेला एक साधा दगड आहे. त्यावर जोश गिब्सन हे नाव, १९११ आणि १९४७ ही सालं, आणि तो दंतकथा झालेला बेसबॉलपटू होता अशा अर्थाचे दोन-तीन शब्द. दगड बसवला १९७५ साली. त्याआधी अठ्ठावीस वर्षं त्या जागी काहीच नव्हतं.

तुम्हाला जोश गिब्सन कोण हे सांगायची गरज नाही. आमच्या वाचकांना सांगतो. बेसबॉलमधला कॅचर म्हणजे आपला यष्टिरक्षकच. फक्त इथे यष्ट्या नाहीत आणि सामनाभर उकिडवं बसायचं. गुडघे लवकर जातात, बोटं मोडतात. त्यामुळे कॅचरकडून कुणी फार फलंदाजीची अपेक्षा करत नाही. जोश कॅचर होता आणि त्या काळातला सगळ्यांत जोरकस फलंदाजही होता. पण तो काळा होता, आणि अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेत, म्हणजे मेजर लीगमध्ये, तेव्हा काळ्यांना घेत नसत; ते आपल्या वेगळ्या लीगमध्ये खेळत. मोठमोठे फलंदाज चेंडू मारताना पाय उचलून पुढे टाकतात. हा पाय जवळजवळ हलवायचाच नाही. दोन्ही पावलं जमिनीला, आणि सगळी ताकद खांद्यांतून आणि मनगटांतून. सहा फुटांच्या वर उंची, शंभर किलोच्या आसपास वजन.

जन्म २१ डिसेंबर १९११, जॉर्जिया राज्यातल्या ब्यूना व्हिस्टा गावचा. बाप पिट्सबर्गला पोलाद कारखान्यात लागला आणि मग त्यानं कुटुंबाला वर आणलं. शाळेत जोश विजेचं काम शिकत होता, नववीनंतर सोडलं. वेस्टिंगहाऊसच्या ब्रेकच्या कारखान्यात राबला, गिंबेल्स या मोठ्या दुकानात लिफ्ट चालवली आणि त्यांच्याच संघातून खेळला. पुढची गोष्ट कथा म्हणूनच घ्या. जुलै १९३०, फोर्ब्स फील्डवर होमस्टेड ग्रेज विरुद्ध कॅन्सस सिटी मोनार्क्स, दोन्ही काळ्यांचे संघ. मोनार्क्सवाले ट्रकवर लादून आपले दिवे बरोबर घेऊन फिरायचे, त्या मिणमिणत्या उजेडात सामना. ग्रेजच्या कॅचरचं बोट फुटलं आणि प्रेक्षकांत बसलेल्या अठरा वर्षांच्या जोशला हाक मारून मैदानात उतरवलं. आमच्याकडेही अशा कथा आहेत. तंतोतंत खरी एकही नसते आणि पुरती खोटीही नसते.

महिनाभर गेला नाही तोच, ऑगस्टमध्ये, त्याची बायको हेलन बाळंतपणात गेली. जुळं झालं होतं, मुलगा आणि मुलगी. दोन्ही पोरं हेलनच्या आईनं वाढवली. जोश बसमध्ये बसून खेळायला निघून गेला. त्याला निष्ठुर म्हणणारे आहेत. मला ते म्हणवत नाही. अठराव्या वर्षी मला कुणी विचारलं असतं तर मीही बसच पकडली असती.

१९३२ साली तो पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सकडे गेला. मालक गस ग्रीनली, आकड्यांच्या जुगाराचा, म्हणजे आपल्याकडच्या मटक्यासारख्या धंद्याचा, सम्राट. त्या पैशातून त्यानं हिल डिस्ट्रिक्टमध्ये स्वतःचं मैदान बांधलं आणि संघ असा जमवला की सॅचेल पेज, कूल पापा बेल, ऑस्कर चार्ल्सटन, जूडी जॉन्सन आणि जोश हे पुढे हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या थोरांच्या स्मारक-संग्रहालयात) गेलेले पाचजण एका डगआऊटमध्ये बसायचे. नंतर जोश पुन्हा ग्रेजकडे. मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये ट्रुहियो या हुकूमशहाच्या नावाच्या संघाकडून खेळला, व्हेनेझुएला आणि मेक्सिकोत खेळला. तिकडे पैसे बरे मिळत आणि हॉटेलात खोलीही मिळे. ग्रेजचा मालक कम पोझी यानं करार मोडला म्हणून दहा हजार डॉलरचा दावा ठोकला आणि घरावर हक्क सांगितला, तेव्हा परत आला.

आता मुद्द्यावर येतो.

कूपर्सटाऊनच्या हॉल ऑफ फेममध्ये जोशचा जो फलक आहे (१९७२ साली लागला) त्यावर लिहिलंय की त्यानं लीगमधले आणि बाहेरचे धरून जवळजवळ ८०० होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले. अधिकृत आकडेवारीत हाच आकडा दोनशेच्याही आत आहे. सहाशेच्या वर होम रन गेले कुठे? काही तर उघडच अफवेतले. पिट्सबर्गमध्ये त्यानं मारलेला चेंडू आभाळात नाहीसा झाला, दुसऱ्या दिवशी फिलाडेल्फियात सामना चालू असताना वरून खाली आला, झेलला गेला, आणि पंच म्हणाला, “तू बाद, कालच्या पिट्सबर्गच्या सामन्यात!” असले होम रन मी धरत नाही. पण बाकीचे खरेच होते. नीग्रो लीग (त्या काळचं नाव तसंच आहे, म्हणून तसंच लिहितो) वर्षाला साठ-ऐंशी सामने खेळवायची. पोट त्यावर भरायचं नाही. म्हणून उरलेले दिवस संघ बसमधून गावोगाव. सकाळी एका गावात, संध्याकाळी दुसऱ्या, रात्री दिव्यांखाली तिसऱ्या. गिरणीचा संघ, खाणीचा संघ, जो समोर येईल तो. झोप बसमध्ये, कारण काळ्या माणसाला खोली कोण देणार. या सामन्यांची वही कुणी ठेवली?

आणि लीगच्या सामन्यांचं तरी काय? ‘पिट्सबर्ग कूरियर’, ‘शिकागो डिफेंडर’ ही काळ्या वाचकांची पत्रं. त्यांनीच या सामन्यांची दखल घेतली, पण ती निघायची आठवड्याला. रविवारच्या सामन्याचा बॉक्स स्कोअर, म्हणजे धावफलक, छापायचा तर मंगळवारचा आणि बुधवारचा जागेअभावी गळायचा. रोजची मोठी वर्तमानपत्रं त्याच गावात होती, त्यांचे प्रतिनिधी त्याच फोर्ब्स फील्डच्या प्रेस बॉक्समध्ये बसायचे. फक्त पायरेट्स, म्हणजे पिट्सबर्गचा मेजर लीगमधला संघ, खेळत असले की. हे प्रतिनिधी म्हणजे तुम्ही, मंडळी. तुमची संघटना. मेजर लीगचे अधिकृत स्कोअररही कित्येक दशकं तुमच्याच सभासदांतून नेमले जात. म्हणजे तुम्ही माझेच धंदेबंधू. म्हणून हे पत्र कमिशनरला, म्हणजे मेजर लीगच्या प्रमुखाला, न लिहिता तुम्हाला लिहितोय.

कूरियरचा वेंडेल स्मिथ वर्षानुवर्षं या खेळाडूंसाठी लिहीत राहिला. तुमच्या संघटनेत त्याला जागा नव्हती, सभासद व्हायला रोजच्या वर्तमानपत्राची नोकरी लागायची. अट कागदावर रंगाची नव्हती. आमच्याकडेही अटी अशाच असत, कागदावर स्वच्छ. सॅम लेसी या काळ्या पत्रकाराला तुम्ही आत घेतलंत ते १९४८ साली. पुढे १९९३ साली स्मिथला आणि १९९७ साली लेसीला तुम्ही तुमचा सर्वोच्च सन्मान दिलात, आणि त्या सन्मानाला नाव होतं जे. जी. टेलर स्पिंक यांचं, ज्यांच्या ‘स्पोर्टिंग न्यूज’नं १९४२ साली काळ्या-गोऱ्यांचा खेळ वेगळाच बरा असं संपादकीय छापलं होतं. ते नाव २०२१ मध्ये तुम्हीच काढलंत. बरं केलंत.

आमच्याकडे पालवणकर बाळू होऊन गेला. चांभाराच्या घरात जन्मलेला डावखुरा फिरकी गोलंदाज. ज्या १९११ साली जोश जन्मला, त्याच वर्षी बाळूनं इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. पुण्यात याच बाळूला चहा मिळायचा तो बाहेर, मातीच्या भांड्यात. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्याला कधी दिलं नाही. १९२३ साली ते त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळालं. आमची लाज मी झाकत नाही. पण एक आहे. बाळू चहाला बाहेर बसला तरी त्याचे बळी स्कोअरबुकात आत होते. आज उघडून मोजता येतात. जोशच्या नशिबी तेवढंही आलं नाही.

डिसेंबर १९३७ मध्ये कूरियरच्या चेस्टर वॉशिंग्टननं पायरेट्सचे मॅनेजर पाय ट्रेनर यांना तार केली होती. तुम्हाला खेळाडू हवेत, ते इथेच पिट्सबर्गमध्ये आहेत : जोश गिब्सन, बक लेनर्ड, सॅचेल पेज, कूल पापा बेल, रे ब्राऊन. तारेला उत्तर आलं नाही. पुढच्या सप्टेंबरात पायरेट्सनं हातातलं अजिंक्यपद शेवटच्या आठवड्यात शिकागोला घालवलं. पिट्सबर्गच्या जुन्या माणसांना ते अजून बोचतं म्हणतात. मला मात्र त्या न आलेल्या उत्तराचंच जास्त वाटतं. खर्च तो किती, एका तारेचा.

वॉशिंग्टन शहरात तिथल्या मेजर लीग संघाचे मालक क्लार्क ग्रिफिथ आपलं मैदान ग्रेजना भाड्यानं द्यायचे आणि भाडं नीट मोजून घ्यायचे. डावीकडची सीमा चारशे फुटांच्या घरात, तिच्यावरून जोश चेंडू धाडायचा. ग्रिफिथनी एकदा जोश आणि लेनर्ड दोघांना बोलावून मेजर लीगमध्ये खेळाल का विचारलं. दोघे हो म्हणाले. पुढे काही नाही. आणि जुलै १९४२ मध्ये कमिशनर केनेसॉ माउंटन लँडिस यांनी जाहीर केलं की काळ्या खेळाडूंना घेऊ नये असा लेखी, तोंडी, कसलाही नियम नाही. नियम नव्हता, खेळाडू होते, आणि १९२० पासून लँडिस त्या खुर्चीत होते. १९४४ साली ते खुर्चीतच वारले. त्याच वर्षी तुम्ही तुमच्या एमव्हीपी पुरस्काराला त्यांचं नाव दिलंत आणि फलकावर त्यांचा चेहराही बसवलात.

जोशचं तोवर बिघडत चाललं होतं. १९४३ च्या सुरुवातीला तो कोसळला, बेशुद्ध झाला. डॉक्टर मेंदूत गाठ आहे म्हणाले. शस्त्रक्रिया त्यानं करू दिली नाही. डोकं ठणकायचं, दारू वाढली, वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयाच्या वाऱ्या झाल्या. त्याच १९४३ साली त्याची सरासरी होती .४६६. म्हणजे दर शंभर वेळा बॅट घेऊन उभा राहिला की शेहेचाळीसहून जास्त वेळा सुरक्षित फटका. या खेळात तीस म्हणजे उत्तम. मी ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा चष्मा पुसून पुन्हा वाचली होती.

२० जानेवारी १९४७ ला तो गेला, पस्तीस वर्षांचा. त्यानंतर पंच्याऐंशी दिवसांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला, विसाव्या शतकातला मेजर लीगमधला पहिला काळा खेळाडू. जोश दुःखानं मेला असं बरेचजण लिहितात. मी लिहिणार नाही. माणूस मेंदूच्या झटक्यानं गेला. बाकीचं आपण आपल्या सोयीनं जोडतो.

मे २०२४ मध्ये मेजर लीगनं नीग्रो लीगची १९२० ते १९४८ ची आकडेवारी आपल्या वहीत सामावून घेतली. त्यामागे संशोधकांनी जुन्या साप्ताहिकांची पानं चाळून एकेक बॉक्स स्कोअर वेचला आहे. त्या लोकांना माझा दंडवत. पावसात गेलेली वही वाळवून वाचण्याचं काम काय असतं ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी जोश कारकिर्दीच्या सरासरीत .३७२ वर, टाय कॉबच्या .३६७ च्या पुढे गेला. स्लगिंगमध्ये (फटक्यांच्या ताकदीचा हिशेब) आणि ओपीएसमध्ये (त्यातच तळावर पोचण्याचं प्रमाण मिळवून) बेब रूथच्या पुढे. त्यावर बराच गदारोळ झाला, आणि खरं सांगतो, आक्षेप घेणाऱ्यांचं सगळंच मला चूक वाटत नाही. साठ-सत्तर सामन्यांच्या हंगामातली सरासरी आणि दीडशे सामन्यांतली, दोन्ही एका रांगेत लावताना स्कोअररचा हात थोडा अडखळणारच. पण सामने कमी का होते, आणि जे झाले त्यांतले कितीतरी वहीत का नाहीत, हे विचारल्याशिवाय आक्षेप पुरा होत नाही. म्हणून मी .३७२ वर माझा दावा उभा करत नाही. उद्या आणखी दहा बॉक्स स्कोअर सापडतील आणि तो .३७० होईल, किंवा .३७५. होऊ दे.

माझा दावा फलकापुरता आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तुम्ही मतदान करून लँडिस यांचं नाव एमव्हीपीच्या फलकावरून काढलंत. जोशचा पणतू शॉन गिब्सन तेव्हापासून विचारतोय की तिथे जोशचं नाव घाला. तुम्ही जागा मोकळी ठेवलीत.

फ्रँक रॉबिन्सन या खेळाडूचं नाव पुढे आलं होतं, ब्रँच रिकीचंही. रिकी थोर, पण ते संघ चालवणारे. हा पुरस्कार खेळणाऱ्याचा. फ्रँक रॉबिन्सनवर मात्र मी अडलो होतो. मेजर लीगमधल्या दोन लीगांपैकी १९६१ साली एकीत आणि १९६६ साली दुसरीत एमव्हीपीचा मान मिळवणारा तो पहिला. हक्क त्याचा भक्कम आहे. पण तो तुमच्या वहीत दोनदा आहे. ज्याला त्या वहीत येऊच दिलं नाही त्याच्याविषयी मी बोलतोय.

आणि जरा तुमचीच यादी काढून बघा. त्या दोनांपैकी नॅशनल लीगचे १९४९ ते १९५९ या अकरा वर्षांतले एमव्हीपी. जॅकी रॉबिन्सन, रॉय कॅम्पानेला तीनदा, विली मेज, डॉन न्यूकम, हँक एरन, एर्नी बँक्स दोनदा. अकरापैकी नऊ वेळा नीग्रो लीगमधून आलेला खेळाडू. मते तुमचीच, कुणी भीक घातली नव्हती. नऊही फलकांवर लँडिस यांचं नाव आणि चेहरा. यातला कॅम्पानेला तर कॅचर, बाल्टिमोरकडून याच जोशविरुद्ध खेळलेला, आणि आपण जोशच्या पासंगालाही पुरत नाही असं सांगत फिरणारा. दोघांत वयाचा फरक दहा वर्षांचा. दहा वर्षं उशिरा जन्मला असता तर, हा खेळ मी खेळत नाही; पण यादी समोर ठेवली की डोळा आपोआप तिच्या वर, १९३० च्या दशकाकडे जातो.

खेळाडूंनी तुमच्या आधी तोंड उघडलं होतं, हेही लक्षात असू द्या. १९६६ साली मेजर लीगचा मोठा फलंदाज टेड विल्यम्स हॉल ऑफ फेममध्ये गेला. स्वतःच्या कौतुकाच्या त्या दिवशी त्यानं सॅचेल पेज आणि जोश गिब्सन यांची नावं घेतली. त्यांना संधी मिळाली नाही म्हणून ते इथे नाहीत, कधीतरी यावेत, असं म्हणाला. या विल्यम्सचं तुम्हा लेखकांशी जन्मभर पटलं नाही म्हणतात. त्या दिवशी निदान त्याचं ऐकायला हवं होतं.

तर मागणी एवढीच. हिवाळ्यातल्या तुमच्या बैठकीत ठराव मांडा, मत घ्या. खर्च विचाराल तर तोही मी काढून ठेवलाय : जोश गिब्सन हे नाव इंग्रजीत दहा अक्षरांचं आहे. केनेसॉ माउंटन लँडिस एकवीस भरतं. कोरणाऱ्याची मजुरी निम्म्याहून कमी पडेल.

कळावे,
मुंबईच्या मैदानांवरचा एक निवृत्त स्कोअरर
(सध्या मुक्काम पिट्सबर्ग)